शिक्षा झाली, आता अपील : मारहाणीच्या खटल्यात घरच्यांनी काय जाणून घ्यावे?

शेताच्या बांधावरून, सामाईक भिंतीवरून, नळाच्या पाण्यावरून किंवा वरातीतल्या बोलाचालीवरून हात उगारला जातो. कोणाचे डोके फुटते, कोणाचा हात मोडतो. पोलीस ठाण्यात फिर्याद होते, दोन-चार दिवसांत जामीन मिळतो आणि घरच्यांना वाटते की प्रकरण थंड झाले. मग वर्षानुवर्षे तारखा चालतात. तारखेला कधी मुलगा जातो, कधी त्याचा भाऊ नुसता वकिलांना फोन करतो. आणि एके दिवशी निकाल लागतो : एक वर्षाची सक्तमजुरी.

त्या संध्याकाळी घरात दोनच वाक्ये ऐकू येतात. "वकिलाने घात केला" आणि "वर अपील करू, सुटेल". दोन्ही वाक्ये मनाच्या समाधानापुरती ठीक आहेत, अपिलाच्या कामाची नाहीत. वरच्या कोर्टाला तीन गोष्टी हव्या असतात : खालच्या कोर्टात नेमकी चूक कोणती झाली, ती कागदावर कोठे दिसते आणि तिच्यामुळे आरोपीचे काय नुकसान झाले. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या घराकडे असतात, त्यांचे अपील उभे राहते.

मी वकील नाही, शाळेत शिकवते. पण उर्दू माध्यमातून शिकलेले पालक कोर्टाचे मराठी कागद वाचून घ्यायला शिक्षकांकडेच येतात. दोषारोप, सरतपास, उलटतपास, रोजनामा हे शब्द रोजच्या बोलण्यातले नाहीत. ते कागद वाचता वाचता आणि जाणकार वकिलांना विचारता विचारता जे समजले, ते इथे मांडते.

मुलजिम आणि मुजरिम

आपल्या घरांत हे दोन उर्दू शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांत फरक आहे. ज्याच्यावर इल्जाम आहे तो मुलजिम, म्हणजे आरोपी. ज्याच्यावर जुर्म साबित झाला तो मुजरिम, म्हणजे दोषी. खटला चालू असताना कायदा मुलाला निर्दोष धरून चालतो आणि गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. निकाल विरोधात गेल्यावर चित्र बदलते. आता एका न्यायाधीशाने साक्षी ऐकून दिलेला निर्णय उभा आहे आणि तो का टिकू नये हे आपल्याला दाखवायचे आहे. म्हणून अपिलात "आमचा मुलगा तसा नाही" एवढे सांगून भागत नाही.

तीस दिवसांचा हिशेब

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात जाते आणि त्यासाठी मुदत ३० दिवसांची असते. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली असेल किंवा शिक्षा ७ वर्षांपेक्षा जास्त असेल, तर अपील उच्च न्यायालयात जाते. तिथली मुदत ६० दिवसांची आहे. फाशीच्या शिक्षेला वेगळी मुदत आहे, तो विषय इथला नाही. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला जे दिवस लागतात, ते मुदतीतून वजा होतात. त्यासाठी नकलेचा अर्ज केल्याची तारीख जपून ठेवावी. मुदत उलटलीच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण उशिराचे खरे आणि पटण्याजोगे कारण द्यावे लागते. "पैशांची जुळवाजुळव चालली होती" हे कारण दरवेळी चालेलच असे नाही.

निकालाची प्रत हा मेहेरबानीचा विषय नाही. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत ताबडतोब आणि मोफत द्यावी, असे कायदा सांगतो. १९७८ साली 'हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे ठासून सांगितले. त्या अर्जदाराला स्वतःला सुटका मिळाली नाही. पण कैद्याला निकालाची प्रत वेळेत मिळणे आणि गरीब कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. तुरुंगात असलेल्या माणसाला तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येते.

पैसे नाहीत म्हणून मुदत घालवू नये. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्यानुसार महिला आणि कोठडीतील माणूस यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना ठरावीक उत्पन्नाच्या आत असल्यास मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

लगेच तुरुंगात जावे लागते का?

अम्मीचा पहिला प्रश्न हाच असतो. मुलगा खटल्याच्या काळात जामिनावर असेल, शिक्षा ३ वर्षांपेक्षा जास्त नसेल आणि तो अपील करणार असल्याचे त्याने सांगितले, तर शिक्षा देणारे न्यायालयच त्याला अपिलापुरता वेळ देऊन जामिनावर सोडते. जामीन नाकारायचा तर खास कारण असावे लागते. म्हणून निकालाच्या तारखेला वकील हजर असणे आणि जामीनदार कागदांसह सोबत असणे फार महत्त्वाचे आहे. त्यानंतर अपील दाखल करून, अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेला स्थगिती मागायची असते.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे दोषी ठरवल्याचा डाग पुसला असे होत नाही. मुलगा घरी राहतो, पण नोकरी, पासपोर्ट किंवा निवडणूक अर्जाच्या वेळी दोषसिद्धी लपवता येत नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती क्वचितच मिळते.

कोणती चूक 'चूक' असते?

खटल्यात लहानसहान त्रुटी राहतातच. तारीख चुकते, नावात काना-मात्रा चुकते, दोषारोपात एखादे कलम राहून जाते. कायदा म्हणतो की अशा त्रुटीमुळे न्याय डावलला गेला असेल तरच निकाल रद्द होईल. हे समजायला तीन प्रकरणे उपयोगी पडतात.

पहिले प्रकरण जबलपूरचे आहे. १९५३ साली विली स्लेनी नावाच्या तरुणाने भांडणात एकाच्या डोक्यात हॉकी स्टिकचा एक फटका मारला. जखमी माणूस काही दिवसांनी दवाखान्यात मरण पावला. विली आणि त्याचा भाऊ या दोघांवर 'समान उद्देशाने खून' असा दोषारोप ठेवला गेला. भाऊ सुटला, विलीला जन्मठेप झाली. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयात विलीचे म्हणणे असे की, माझ्या एकट्यावर खुनाचा वेगळा दोषारोप ठेवलाच नव्हता, म्हणून शिक्षा रद्द करा. १९५५ साली पाच न्यायमूर्तींनी ते मान्य केले नाही. फटका तूच मारलास हा आरोप तुला पहिल्यापासून ठाऊक होता, बचाव मांडायला तुला पूर्ण संधी मिळाली, मग कागदावरच्या त्रुटीने तुझे नुकसान काय झाले, असा त्यांच्या निर्णयाचा रोख होता. मात्र पुरावा पाहून त्यांनी हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे असे ठरवले आणि जन्मठेप ५ वर्षांवर आणली. म्हणजे त्रुटीच्या मुद्द्यावर हार झाली, पण पुराव्याच्या मुद्द्यावर मोठी सवलत मिळाली. अपिलात दोन्ही मुद्दे घ्यावेत, ते यासाठीच.

दुसरे प्रकरण १९८६ चे आहे, 'सुक दास विरुद्ध अरुणाचल प्रदेश'. एका इंजिनिअरला धमकावल्याचा आरोप होता, शिक्षा २ वर्षांची झाली. आरोपीकडे वकील घेण्याइतके पैसे नव्हते. सरकारी साक्षीदार आले, बोलले आणि गेले, त्यांना नीट प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. उच्च न्यायालय म्हणाले, त्याने मोफत वकील मागितलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. ज्याला आपला हक्कच माहीत नाही तो मागणार कसा? मोफत वकील मिळतो हे आरोपीला सांगणे न्यायाधीशाचे काम आहे. ते झाले नाही म्हणून शिक्षा रद्द झाली. इथे चुकीने झालेले नुकसान डोळ्यांना दिसत होते.

तिसरे प्रकरण पुण्याचे आहे, 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य', १९८४. ते खुनाचे होते, पण त्यातला एक नियम मारहाणीच्या खटल्यालाही लागू पडतो. साक्षी संपल्यावर न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात : अमुक साक्षीदार असे म्हणतो, तुमचे काय म्हणणे आहे? जुन्या संहितेत हे कलम ३१३ होते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३५१ आहे. जी गोष्ट आरोपीसमोर ठेवून त्याचे म्हणणे विचारलेच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असे त्या निकालात सांगितले आहे. म्हणून हे प्रश्नोत्तरांचे कागद अपिलात ओळीने तपासावेत. मात्र इथेही नुकसान काय झाले हा प्रश्न विचारला जातोच. आणि ज्यांचे खटले अजून चालू आहेत, त्यांनी या टप्प्यावर प्रत्येक प्रश्नाला "खोटे आहे, माहीत नाही" असे म्हणून मोकळे होऊ नये. त्या वेळी आपण तिथे नव्हतो, किंवा आपल्यालाही मार लागला होता, हे सांगायची ती जागा आहे.

जखमेचा कागद

मारहाणीच्या खटल्यात सगळे वजन जखमेच्या दाखल्यावर असते. कारण कलम त्यावरून ठरते. साधी दुखापत म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३२३, जास्तीत जास्त १ वर्ष. हाड किंवा दात मोडला तर ती जबर दुखापत, कलम ३२५, ७ वर्षांपर्यंत. धोकादायक हत्याराने साधी दुखापत केली तर कलम ३२४, ३ वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हीच कलमे अनुक्रमे ११५, ११७ आणि ११८ अशी आहेत. घटना त्या तारखेआधीची असेल तर जुनीच कलमे लागतात. जबर दुखापतीच्या व्याख्येतही एक बदल आहे. माणूस तीव्र वेदनेत राहिला किंवा त्याला नेहमीची कामे करता आली नाहीत, त्याचे दिवस जुन्या कायद्यात २० होते, नव्यात १५ आहेत.

अपिलात पाहायचे ते हे : हाड मोडल्याचे सांगितले, पण एक्स-रे कोर्टात आला का? तो पाहून अहवाल देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झाली का? जखम काठीची म्हणतात, ती पडल्यानेही होऊ शकते का, हे डॉक्टरांना उलटतपासात विचारले होते का? जप्त केलेली काठी डॉक्टरांना दाखवली होती का? यातला एखादा दुवा निसटला असेल तर ३२५ ची शिक्षा ३२३ वर आणा, असा युक्तिवाद करता येतो. सात वर्षांपर्यंतच्या कलमातून एक वर्षाच्या कलमात येणे ही लहान गोष्ट नाही.

नवज्योतसिंग सिद्धू यांचे प्रकरण आपण बातम्यांत ऐकले आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात रस्त्यावरच्या भांडणात ६५ वर्षांच्या एका गृहस्थाला मार लागला आणि त्यांचा मृत्यू झाला. १९९९ मध्ये सत्र न्यायालयाने सिद्धूंना निर्दोष सोडले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल ३ वर्षांची शिक्षा दिली. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय पुरावा पक्का नाही असे पाहून फक्त कलम ३२३ खाली दोषी धरले आणि १,००० रुपये दंड केला. पण मे २०२२ मध्ये, मृताच्या घरच्यांनी फेरविचार मागितल्यावर, त्याच न्यायालयाने १ वर्षाची सक्तमजुरी दिली. घटना एक, पण निकाल तीन वेळा बदलला. डॉक्टरांच्या कागदाची ताकद त्यातून दिसते. आणि समोरच्या घरालाही तितकाच हक्क असतो आणि ते ३३ वर्षांनीही तो मागू शकतात, हेही दिसते.

अपिलात काय मिळू शकते?

सत्र न्यायालय शिक्षा रद्द करून मुलाला निर्दोष सोडू शकते, कलम उतरवू शकते, शिक्षा कमी करू शकते, किंवा अपील फेटाळू शकते. "वर गेलो आणि शिक्षा वाढली तर?" ही भीती अनेकांना असते. फक्त दोषी माणसाचे अपील समोर असताना त्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारने वेगळे अपील करावे लागते.

आणखी एक शक्यता घरच्यांना कोणी सांगत नाही, ती म्हणजे फेरसुनावणी. प्रक्रियेतली चूक मोठी असेल तर वरचे न्यायालय खटला पुन्हा चालवा असे म्हणू शकते. 'मोहम्मद हुसेन विरुद्ध दिल्ली राज्य' या बॉम्बस्फोटाच्या खटल्यात बहुतेक साक्षीदारांची उलटतपासणी वकिलाअभावी झालीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फाशीची शिक्षा रद्द केली, पण खटला नव्याने चालवायला सांगितले. तेव्हा "चूक सापडली" म्हणजे "सुटलो" असे लगेच समजू नये.

अपील दाखल झाले की काम संपले असेही नाही. वकील तारखेला आले नाहीत म्हणून दोषसिद्धीविरुद्धचे अपील नुसते निकालात काढता येत नाही, गुणदोष पाहावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या बनी सिंग प्रकरणात सांगितले आहे. पण आपली बाजू मांडायला कोणी नसताना लागलेला निकाल कोणाला हवा आहे?

आणि एक इशारा. तारखांना कंटाळून "गुन्हा कबूल करा, दंड भरून मोकळे व्हा" असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. कबुलीवरून दोषी ठरलेल्याला 'मी दोषी नाही' असे अपील करता येत नाही. शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे, एवढेच म्हणता येते. सही करण्याआधी हे समजून घ्यावे.

समोरचे घर

प्रत्येक अपील सुटकेसाठीच असावे असे नाही. कागद वाचल्यावर मुलाने मारले हे खरेच दिसत असेल, तर खोटी चूक शोधत बसण्यापेक्षा शिक्षेच्या प्रमाणावर बोलणे प्रामाणिकपणाचे आहे. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची विनंती अपिलातही करता येते.

दुखापतीची काही कलमे तडजोडीने मिटवता येतात. अपील चालू असताना तडजोड करायची तर अपील ऐकणाऱ्या न्यायालयाची परवानगी लागते. मंजूर तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. बहुतेक वेळा समोरचा माणूस परका नसतो, चुलत भाऊ असतो, शेजारी असतो, त्याच मोहल्ल्यातला असतो. सुलह आपल्या घरांना नवी नाही. पण ती जखमी माणसाच्या खऱ्या मर्जीने, त्याच्या औषधोपचाराचा खर्च लक्षात घेऊन आणि वडीलधाऱ्यांचा दबाव न आणता व्हावी. दबावाखाली दिलेला होकार न्यायालयात एका प्रश्नातच उघडा पडतो.

घरात करून ठेवण्याच्या गोष्टी

१. एक फाईल करा. फिर्याद, पंचनामे, जखमेचे दाखले, दोषारोप, सर्व साक्षी, आरोपीचे प्रश्नोत्तर, रोजनामा आणि निकाल, या क्रमाने लावा. कमी असतील त्या कागदांच्या प्रमाणित नकला मागवा.

२. घरातल्या शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने निकाल एकदा पूर्ण वाचावा. न्यायाधीशांनी कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवला आणि का, हे पेन्सिलने खुणावे. त्या साक्षीदाराचा पोलिसांसमोरचा जबाब आणि कोर्टातली साक्ष शेजारी ठेवावी. उलटतपासात विचारलेल्या तफावतीकडे निकालात लक्ष दिले आहे का, ते पाहावे.

३. वकिलांना भेटताना तीन प्रश्न विचारा : चूक कोणती? कागदावर कोठे? नुकसान काय? जे वकील पान नंबर दाखवून उत्तर देतात, ते काम समजून घेऊन करत आहेत. जे नुसते "मी बघतो" म्हणतात, त्यांना पुन्हा विचारा.

४. कोर्टात न आलेला महत्त्वाचा कागद सापडला तर वकिलांना लगेच सांगा. अपिलात नवीन पुरावा घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तो आधी का आणला नाही याचे कारण द्यावे लागते.

५. मुलाने प्रत्येक तारखेला हजर राहावे आणि जामिनाच्या अटी पाळाव्यात. साक्षीदारांच्या घरी जाऊन "बोलणे" करू नये. त्यातून दुसरा गुन्हा उभा राहतो.

खटल्याच्या पहिल्या दिवसापासून कागद सांभाळणाऱ्या घराला अपिलाच्या वेळी धावपळ कमी करावी लागते. ज्यांच्या घरी आज प्रकरण चालू आहे, त्यांनी निकालाची वाट न पाहता ती फाईल या आठवड्यातच करावी. आणि निकाल लागून गेला असेल, तर कॅलेंडरवर त्या तारखेपासून तिसाव्या दिवसाला खूण करून ठेवावी.